वानगी आणि विक्री : संगणकावरच्या युद्धखेळांचा फुकट नमुना

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने संगणकावरच्या युद्धखेळांवर बोलावं, तेही त्यांच्या फुकट नमुन्यांच्या विक्रीवरच्या परिणामांवर, हे जरा विचित्रच. पण प्रश्न दिसतो तितका बाजारू नाही. एखाद्या वस्तूचा तुकडा चाखून ती वस्तू पूर्ण कळते का, आणि कळली तर पुढे ती विकत घ्यायची इच्छा वाढते की संपते, असा हा प्रश्न आहे. त्यातला पहिला भाग आमच्या शास्त्राचा आणि दुसरा बाजाराचा. दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेत की एकाला सोडून दुसऱ्याचं बोलता येत नाही.

आपल्याकडे याला चांगला शब्द आहे, वानगी. लालबागच्या चिवडा गल्लीत गेलात तर दुकानदार आधी चिमूटभर चिवडा तळहातावर ठेवतो. महात्मा फुले मंडईत आंब्याची पेटी उघडून एखादं फळ कापून दाखवतात. ही वानगी. आणि तिच्यामागे जो तर्क आहे त्याला संस्कृतात नाव आहे : स्थालीपुलाकन्याय. पातेल्यातलं एक शीत दाबून बघायचं आणि सगळा भात शिजला की नाही ते ठरवायचं. मराठीत शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ती हीच. हा तर्क चालतो, पण एका अटीवर. पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेली असली पाहिजेत. आंब्याच्या पेटीत ही अट लगेच डळमळते. वरच्या थरातला आंबा कापून दाखवला, खालच्या थरात काय आहे ते घरी गेल्यावर कळतं! ही अट लक्षात ठेवा, पुढे ती फार उपयोगी पडणार आहे.

आता लॅमिंग्टन रोडवर जाऊ. महापालिकेच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण ग्रँट रोड स्टेशनवर उतरून तुम्ही ते नाव विचारलंत तर माणसं तुमच्याकडे बघत राहतील. आधी रेडिओचे व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, ॲम्प्लिफायरचे सुटे भाग, मग टेपरेकॉर्डर, आणि नव्वदनंतर संगणक. आम्ही गिरगावात राहत होतो, त्यामुळे हा रस्ता पायाखालचा. दुकानाबाहेर उघडे मदरबोर्ड लटकलेले आणि आत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा स्क्रू पिळत बसलेला, हे दृश्य आमच्या पिढीने पुष्कळ पाहिलं.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. खुलं केलं म्हणजे काय, तर टेलिफोनच्या तारेवरून. उत्तम दिवशी सेकंदाला चारेक किलोबाइट यायचे. हिशेब करा : पन्नास मेगाबाइटचा नमुना उतरवायला साडेतीन तास, तेवढा वेळ घरचा फोन बंद, वर फोनचं बिल वेगळं. आणि मध्येच नात्यातल्या कुणी फोन लावून कनेक्शन तोडलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे जो नमुना अमेरिकेत फुकट होता तो गिरगावात फुकट नव्हताच. फुकट या शब्दाचा अर्थ भूगोलाप्रमाणे बदलतो, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सहसा लिहिलेलं नसतं.

मग नमुने यायचे कसे? मासिकातल्या सीडीवरून. मुंबईतून निघणारं 'चिप' आणि २००१ पासून 'डिजिट' ही मासिकं अंकासोबत सीडी द्यायची. तिच्यावर साडेसहाशे मेगाबाइटची जागा, त्यात छोट्यामोठ्या उपयुक्त प्रणाली, आणि एक कप्पा खेळांच्या नमुन्यांचा. अंक वाचून कपाटात जायचा, सीडी मात्र चाळीभर फिरायची. एका मोहिमेचा नमुना, त्यातली एकच लढाई. ती पोरं इतक्यांदा खेळायची की शत्रूचा रणगाडा कोणत्या झाडामागून निघणार हे तोंडपाठ. आमचे चिरंजीव त्यांतलेच. सुट्टीत बी.ए.चे पेपर तपासत बसलेल्या बापाला शेजारच्या खोलीतून तोफांचे आवाज ऐकू यायचे ते या नमुन्यांचे.

आणि इथे आपल्या प्रश्नाला मुंबईचा खास पेच पडतो. ज्याला नमुना आवडला तो पूर्ण खेळ घ्यायला जायचा कुठे? त्याच लॅमिंग्टन रोडच्या आसपास, नाहीतर फोर्टच्या फुटपाथवर. तिथे अस्सल पेटीच्या किमतीच्या एका लहानशा अंशात नकली सीडी मिळायची. नमुन्याने भूक चाळवली, पण तृप्तीचे पैसे कर्त्याकडे पोहोचलेच नाहीत. तेव्हा 'नमुन्याने विक्री वाढते का' या प्रश्नाचं मुंबईपुरतं उत्तर असं की विक्री वाढली असेल, पण भलत्याचीच. यात नमुन्याचा दोष नाही. नमुना काम करतो तो गरज निर्माण करण्याचं. ती गरज कोणत्या दुकानात फेडली जाते हे त्याच्या हातात नसतं.

जाता जाता एक सांगतो. चोरी झाली म्हणून नमुना देऊ नये, असं पुष्कळजण म्हणत. हा तर्क आम्हाला कधीच पटला नाही. चोराला नमुन्याची गरज नसते, त्याच्याकडे पूर्ण माल आधीच असतो. नमुना बंद केला तर फक्त प्रामाणिक माणसाचा रस्ता बंद होतो.

फुकट नमुन्याची गोष्ट आपल्या गिरणगावाला मात्र नवी नाही. चहाचंच घ्या. १९०३ साली टी सेस कायदा झाला, चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर प्रचारकांची नजर कारखान्यांकडे आणि गिरण्यांकडे वळली. तिसाच्या दशकात शहरोशहरी माणसं फिरून चहा करून दाखवत, फुकट पाजत. पाणी कितीदा उकळायचं, पत्ती किती, किती वेळ झाकून ठेवायचं, हे सगळं शिकवत. बारकावा असा की ती वानगी फक्त चवीची नव्हती. चहा आवडला तरी करता आला नाही तर घेणार कोण? तो फुकटचा कप म्हणजे अर्ध्या मिनिटाचा धडा होता. शिवाय आपल्या लोकांनी तो धडा घेतला आणि त्यात दूध, साखर, आलं घालून आपला केला, हे प्रचारकांना फारसं रुचलं नव्हतं. असो.

दुसरं उदाहरण परळच्या शेजारचं, शिवडीचं. लिव्हर कंपनीने तिथे १९३२च्या सुमारास वनस्पती तुपाचा कारखाना काढला आणि १९३७ साली 'डालडा' बाजारात आलं. गृहिणीला शंका : हे तूप नाही, तेल नाही, मग आहे काय? तेव्हा लिंटास या जाहिरात संस्थेने डब्याच्या आकाराची गाडी रस्त्यावर फिरवली, ठिकठिकाणी टेबलं मांडली, त्यात तळलेले पदार्थ लोकांना खायला दिले, हुंगायला दिले, बोटांनी चाचपायला दिले. विक्री वाढली, फार वाढली. पुढे पन्नाशीच्या दशकात डालडा शरीराला अपायकारक आहे म्हणून बंदीची मागणी थेट संसदेपर्यंत गेली. तेव्हा रस्त्यावरच्या त्या वानगीचा काहीच उपयोग नव्हता. जिभेला कळतं ते आणि वीस वर्षांनी शरीराला कळतं ते, ही दोन वेगळी ज्ञानं आहेत. वानगी फक्त पहिलं देते.

आता युद्धखेळांकडे वळू. युद्धखेळ म्हणजे नुसत्या गोळ्या झाडण्याचा खेळ नव्हे. नकाशा, पथकं, रसद, हवामान, आणि प्रत्येक चालीमागे विचार. बुद्धिबळाचा हा थोरला, किचकट भाऊ समजा.

या खेळाचा आधुनिक जन्म प्रशियात झाला, आणि गंमत अशी की त्याची पहिली मोठी विक्री एका प्रात्यक्षिकानेच झाली. फॉन राइसवित्झ नावाच्या गृहस्थाने १८१२च्या सुमारास राजाला असा खेळ करून दाखवला. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, तो सुधारून कागदी नकाशांवर आणला आणि १८२४ साली जनरल स्टाफचे प्रमुख म्युफलिंग यांच्यापुढे मांडला. म्युफलिंग सुरुवातीला थंड होते. एक पोरकट खेळ, त्याला काय बघायचं, असा भाव. डाव पुढे सरकला तसे ते खुलत गेले, आणि शेवटी त्यांनी हा खेळ नव्हे, लढाईचं शिक्षण आहे अशा अर्थाचा अभिप्राय देऊन सैन्यात त्याची शिफारस केली. राजाज्ञेने तो पलटणींकडे गेला. नियमांची पुस्तिका म्युफलिंगना नुसती वाचायला दिली असती तर? आमचा अंदाज, त्यांनी ती बाजूला ठेवली असती. युद्धखेळाचे नियम वाचून कंटाळा येतो, डाव बघून उत्साह येतो. हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

पुढे दीडशे वर्षांनी अमेरिकेत पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचे युद्धखेळ घरोघरी गेले. ॲव्हलॉन हिल ही एक कंपनी. दुसरी एसपीआय, जिम डनिगन यांची. एसपीआयने काय केलं, तर 'स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स' या मासिकाच्या अंकातच एक अख्खा खेळ द्यायला सुरुवात केली. आणि नव्या वर्गणीदारासाठी १९७१ साली वॉटर्लूच्या लढाईवर एक छोटा, सोपा खेळ काढून तो फुकट दिला. थोड्या सोंगट्या, थोडे नियम. एका संध्याकाळी शिकून होणारा. इथे नीट बघा : त्यांनी मोठ्या खेळाचा तुकडा कापून दिला नाही. शिकाऊ माणसासाठी वेगळा, पण स्वतःपुरता पूर्ण खेळ बनवला. त्यातून जो तयार झाला तो पुढे शेकडो सोंगट्यांच्या खेळांचं गिऱ्हाईक. चहावाल्यांनी गिरण्यांत जे केलं तेच हे.

संगणक आला तसा हा प्रघात बदलला. १० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम' आला. त्याच्या तीन भागांपैकी पहिला फुकट, हवा तितका वाटा, उरलेले दोन पैसे भरून मागवा. तो युद्धखेळ नव्हे, नुसती धुमश्चक्री. पण त्याच्या यशाने सगळ्यांच्या मनात बसलं की फुकट देणं म्हणजे हमखास विक्री. युद्धखेळवाल्यांनी यातून दोन धडे घेतले. 'कॉम्बॅट मिशन' नावाचा दुसऱ्या महायुद्धावरचा खेळ २००० साली आला. बनवणारी माणसं मूठभर. दुकानात माल ठेवायचाच नाही, थेट गिऱ्हाइकाला विकायचा, असा त्यांचा निश्चय. पूर्ण खेळाच्या कितीतरी महिने आधी त्यांनी नमुना सोडला, त्यात मोजक्या लढाया. लोक त्याच लढाया पुन्हा पुन्हा खेळले, त्यावर वाद घातले, डावपेच लिहिले. जाहिरातीला पैसे नसलेल्या कंपनीची जाहिरात गिऱ्हाइकांनीच केली. त्याच वर्षी मॅट्रिक्स गेम्स या नव्या कंपनीने आणखी टोकाचं केलं. 'स्टील पँथर्स : वर्ल्ड ॲट वॉर' हा खेळ पूर्णच्या पूर्ण फुकट दिला, आणि मग त्यावर खेळायच्या मोठ्या मोहिमा विकल्या. कंपनीचं नाव युद्धखेळवाल्यांत झालं ते तेव्हापासून.

मग सगळं छानच? नाही. दुसरी बाजू तितकीच जुनी आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली माहितीच्या बाजाराबद्दल एक विरोधाभास मांडला. माहितीची किंमत गिऱ्हाइकाला ती कळेपर्यंत ठरवता येत नाही. आणि कळली की ती त्याला फुकट मिळालेली असते. खेळाचा बराचसा भाग माहितीच असतो. काय आहे, कसं आहे, पुढे काय होतं, या कुतूहलापोटी माणूस पैसे मोजतो. नमुना तेच कुतूहल शमवतो. पेढ्याच्या दुकानात एक पेढा चाखून अर्धा किलो घेतात, पण पंधरा दुकानांत एकेक चाखून कुणी तृप्त होऊन घरी गेला तर? असा माणूस आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एकतरी असतो.

२०१३ साली खेळ-रचनाकार जेसी शेल यांनी अमेरिकेतल्या एका परिषदेत आकडे दाखवले. एक्सबॉक्स ३६० वरचे खेळ घेऊन त्यांनी सांगितलं की ज्यांची चित्रफीत आली पण नमुना आला नाही ते सर्वाधिक खपले; नमुना दिल्याने विक्री निम्म्यावर येऊ शकते. मोठी खळबळ झाली. आमचं मत असं की आकडे खोटे नव्हते, निष्कर्ष घाईचा होता. काकतालीय न्याय ऐकलाय ना? कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एक गाठ. प्रचंड जाहिरात झालेल्या, लोक रांगा लावून वाट बघत असलेल्या खेळाला नमुना द्यायची गरजच नसते, म्हणून तो देत नाहीत. धाकधूक असणारे देतात. तेव्हा कमी खप नमुन्यामुळे झाला, की कमी खपाच्या भीतीने नमुना दिला गेला? आकडे हे सांगत नाहीत.

पण घाईचा निष्कर्ष म्हणून तो टाकूनही देता येत नाही. त्यात एक सत्य आहे आणि ते साध्या अंकगणिताने दिसतं. आकडे आम्ही मनाने धरतो. शंभर माणसांना खेळ ठाऊक आहे. प्रसिद्ध खेळ असेल तर साठ जण न चाखताच घेतील. नमुना दिला, त्या साठातल्या वीस जणांना चाखून नकोसा वाटला, उरलेल्या चाळिसांतले आठ नव्याने आले. साठाचे अठ्ठेचाळीस झाले, तोटा. आता अपरिचित खेळ घ्या. न चाखता घेणारे पाचच. त्यांतले दोन गळाले, उरलेल्या पंचाण्णवांतले चार आले. पाचाचे सात, फायदा. म्हणजे नमुना एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने नेतो, आणि नेण्यासारखं जितकं जास्त तितका तो जास्त नेतो. हे सरळ आहे. न चाखता घेणाऱ्या गिऱ्हाइकाची श्रद्धा हे मोठ्या कंपनीचं भांडवल असतं. नमुना श्रद्धेच्या जागी अनुभव ठेवतो.

त्यात नैतिक प्रश्नही आहे, तो टाळू नये. चाखून ज्या वीस जणांना खेळ नकोसा वाटला, त्यांच्या पैशावर कंपनीचा हक्क होता का? विक्रीच्या वहीत तो तोटा दिसतो. गिऱ्हाइकाच्या वहीत तीच बचत आहे. युद्धखेळाची किंमत थोडीथोडकी नसते. 'वॉर इन द ईस्ट' हा रशियन आघाडीवरचा खेळ २०१० साली ऐंशी डॉलरच्या आसपास होता. तेवढे पैसे अंधारात टाकायला सांगणं आणि वर विक्री घटेल म्हणून उजेड नाकारणं, हे आम्हाला तरी बरं वाटत नाही.

मात्र याच खेळाने आपली भाताची अट पुन्हा समोर येते. त्याची पूर्ण मोहीम आठवड्याला एक चाल या हिशेबाने दोनशेहून अधिक चालींची. पहिल्या दहा चालींत जर्मन सैन्य सुसाट सुटतं. खरा खेळ म्हणजे रसद तुटणं, हिवाळा, माघार, थकवा. त्याचा दहा चालींचा नमुना दिला तर तो भाताचं शीत होणार नाही. पाच अंकी नाटकाचा पहिला प्रवेश दाखवून 'कसं आहे नाटक' असं विचारण्यासारखं होईल. याउलट 'कॉम्बॅट मिशन'ची प्रत्येक लढाई स्वतःपुरती पूर्ण. एक खेळलात तर शंभरांची जात कळते.

नाटकाचा विषय निघालाच आहे तर, गिरगाव-ग्रँट रोडच्या नाटकवाल्यांनी हा पेच शंभर वर्षांपूर्वी अनुभवला होता. ध्वनिमुद्रिका आल्या. एका बाजूला तीनेक मिनिटं. रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकातलं, दहा वन्समोअर घेणारं पद तीन मिनिटांत कोंबायचं. इराण्याच्या हॉटेलात चहाबरोबर ते फुकट ऐकू येणार, मग तिकीट कोण काढणार? काढलं लोकांनी. कारण तबकडीत पद होतं, पण त्या रात्रीचा आलाप, पुढच्या रांगेतून आलेली दाद, शालूची सळसळ, हे काही नव्हतं. तबकडीने भूक भागवली नाही, ती कशाची आहे ते सांगितलं. त्या उलट ज्या नाटकात एकच पद चांगलं होतं त्याचं काय झालं असेल, तुम्हीच विचार करा.

आता मुद्द्याला येतो. गेल्या महिन्यात लालबागचा एक तरुण आमच्याकडे आला होता. दोन मित्रांसोबत तो मराठ्यांच्या किल्ल्यांच्या वेढ्यांवर खेळ बनवतोय. नोकरी सोडलीय, घरच्यांचे पैसे लागलेत, आई चिंतेत. त्याचा प्रश्न एकच : सर, नमुना फुकट देऊ की नको? दिला तर लोक तेवढंच खेळून निघून जातील, नाही दिला तर कुणाला कळणारच नाही.

आम्ही त्याला विचारलं, आज तुझ्या खेळाचं नाव किती जणांना ठाऊक आहे? तो हसला. म्हणजे गमावण्यासारखी श्रद्धा अजून कमावलेलीच नाही. द्यावा. तसाही आज न देण्याचा पर्याय अर्धवटच उरलाय. स्टीम या मोठ्या ऑनलाइन दुकानाने जून २०१५ पासून नियम केला की चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ परत करता येतो. म्हणजे दुकानानेच प्रत्येक खेळाचे पहिले दोन तास वानगी करून टाकले. फरक इतकाच की ती वानगी कुठून कापायची हे आता कर्त्याच्या हातात नाही. मग आपणच नीट कापलेली का देऊ नये? तिथे येऊ घातलेल्या खेळांच्या नमुन्यांचा उत्सवही भरतो, त्यातही उतरता येईल.

पण काय द्यायचं यावर आम्ही बरेच भांडलो. त्याच्या मनात होतं मुख्य मोहिमेची पहिली तीन वर्षं द्यायची आणि ऐन वेढा पडताना थांबवायचं, म्हणजे लोक तडफडून विकत घेतील. आम्ही म्हटलं, असं करू नकोस. अर्ध्यावर ताट ओढलेला माणूस रागावून उठतो, आणि युद्धखेळवाला तर हिशेबी माणूस, तो राग लक्षात ठेवतो. वॉटर्लूवाल्यांनी केलं ते कर. एक लहान किल्ला घे, एकच दरवाजा, पन्नास माणसांची शिबंदी, पावसाळ्याचे चार महिने. धान्य किती, पाण्याची टाकी किती भरलेली, फितुरी होते का. हरण्याजिंकण्यापर्यंत पूर्ण खेळता येऊ दे. नियम शिकवणारं वेगळं काही ठेवू नकोस. वेढाच शिकवू दे. मोठ्या खेळात हा किल्ला घालू नकोस, नाहीतर पैसे देणाऱ्याला वाटेल की चाखलेलंच पुन्हा वाढलं. आणि त्या किल्ल्यात तुझ्या खेळाचं जे अवघड आहे, रसदीचा हिशेब, तो लपवू नकोस. ज्याला तो नकोसा वाटेल त्याला तिथेच जाऊ दे, तो पुढे पैसे परत मागणारच होता.

तो म्हणाला, सर, हा वेगळा किल्ला बनवायला आणखी तीन महिने लागतील. आम्ही म्हटलं, लागतील. दिवाळीपर्यंत होईल का ते बघ. तो सध्या पावसाळ्याचा हिशेब बसवतोय. टाकीतलं पाणी चौथ्या महिन्यातही आटत नाही, अशी त्याची तक्रार आहे.